कुळाने जमीन खाल्ली, असं आपण म्हणतो. पण झालं काय होतं?



गेल्या सुकोतच्या सुमारास अश्दोदला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचा फोन आला. आवाज अगदी उत्साहाचा. म्हणाला, "ताई, आपल्या अलिबागकडच्या जमिनीचा पत्ता लागलाय. मुंबईहून एका माणसाचा फोन होता. आजोबांचं नाव कागदावर आहे म्हणतो. आपण सगळ्या वारसांनी फक्त एक कुलमुखत्यारपत्र सही करून पाठवायचं, बाकी सगळं तो बघणार. तिकडे एकराला काय भाव चाललाय माहीत आहे का तुला?"

मी विचारलं, "कुठली जमीन रे?"

"तीच गं. कुळाने खाल्लेली."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातही ऐकलं असेल. आपले किती तरी लोक गावच्या नावाने ओळखले जातात. किहीमकर, पेणकर, रोहेकर, थळकर, नवगावकर. आडनाव राहिलं आणि जमीन गेली. चार म्हातारी माणसं लग्नात एकत्र बसली की कोणी तरी हा विषय काढतोच, आणि शेवट ठरलेला असतो, की आम्ही मुंबईला गेलो, इस्राएलला आलो, आणि कुळाने जमीन खाल्ली.

चुलतभावाच्या फोननंतर मी पपांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यातले कागद चाळले, आणि दोन-तीन आठवडे घालवून हा सगळा प्रकार समजून घेतला. मी वकील नाही. मी नर्स होते, आयुष्यभर तेच काम केलं. पण केसपेपर नीट वाचल्याशिवाय रोग कळत नाही, एवढं त्या कामात शिकले. तेव्हा जमेल तसं सांगते.

आधी खोत आणि कूळ म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या नातवंडांना हे शब्दच माहीत नाहीत. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी बहुतेक ठिकाणी रयतवारी लावली होती. म्हणजे शेतकऱ्याने सारा सरळ सरकारात भरायचा. कोकणात, रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, पुष्कळ गावांत मध्ये खोत होता. गावाचा सारा खोत भरायचा, आणि गावाकडून काय घ्यायचं ते तोच ठरवायचा. त्याच्याखाली जो प्रत्यक्ष नांगर धरायचा, तो कूळ. जिथे खोत नव्हता तिथे सावकार होता. दोन्हीकडे कुळाच्या पोटाचं चित्र सारखंच.

कूळ दरवर्षी कबुलायत लिहून द्यायचा. एका वर्षाची. पुढच्या वर्षी जमीन मिळेल की नाही ते मालकाच्या मर्जीवर. खंड म्हणून पिकाचा निम्मा भाग, कधी त्याहून जास्त, मालकाच्या खळ्यात पोचवायचा. पाऊस कमी पडला, खाडीचं पाणी शेतात घुसलं, तरी ठरलेल्या खंड्या भराव्याच लागायच्या. मालकाच्या घरी लग्न असलं की लाकडं फोडायला, छप्पर शाकारायला कुळाने फुकट जायचं. श्रावणात घरातला दाणा संपला की त्याच मालकाकडून भात उसनं आणायचं आणि कापणीनंतर दिढीने फेडायचं, एक मणाचे दीड मण. घेताना माप वेगळं आणि देताना वेगळं, हे तर गावोगाव सांगतात.

आता चरी गावाची गोष्ट. अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ हे गाव आहे. पोयनाडला आपली मशीद आहे (आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची), त्यामुळे तो भाग आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीला शेतकऱ्यांची सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं, की खंड कमी झाल्याशिवाय जमीन कसायची नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. गिरणीत संप करतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे स्वतःच्याच ताटातला भात बंद करायचा. हा संप सहा वर्षं चालला! त्या काळात माणसांनी लाकडं तोडून विकली, खाडीतली मासळी आणि चिंबोऱ्या विकल्या, मिळेल तिथे मजुरीला गेले. भातशेतीत गवत वाढलं.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तिथल्या शेतकरी परिषदेला आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. कोकणातून माणसं बोटीने आणि पायी आली होती. विधेयक तेव्हा पास झालं नाही. पण चरीचा संप आणि तो मोर्चा फुकट गेले नाहीत. १९३९ साली पहिला कूळकायदा आला. त्यात जी कुळं सलग सहा वर्षं जमीन कसत होती त्यांना 'संरक्षित कूळ' म्हटलं गेलं. आता मालकाला नुसतं "चालता हो" म्हणता येईना. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

आपण मंडळी यात कुठे होतो? आपले लोक तेल गाळायचे हे सगळ्यांना माहीत आहे, पण शेतीही करायचे. भातशेती आणि नारळी-पोफळीची वाडी. आपल्यात मोठे जमीनदार थोडेच, बहुतेकांची दोन एकर, तीन एकर. मग लोक पलटणीत गेले, रेल्वेत, बंदरावर, गिरण्यांत, हॉस्पिटलांत लागले. मुंबईला खोल्या घेतल्या. गावची जमीन शेजारच्या आगरी किंवा कुणबी घराला कसायला दिली आणि वर्षाला भात यायला लागलं. त्या दिवसापासून कागदाच्या भाषेत आपण 'मालक' आणि तो 'कूळ'. आपण स्वतःला खोत कधी समजलो नाही. चाळीतल्या एका खोलीत सात माणसं राहणारा माणूस स्वतःला जमीनदार कसा समजेल? पण कायद्याने पाहिलं ते एवढंच, की जमीन कोणाच्या नावावर आहे आणि नांगर कोणाच्या हातात आहे.

आमची जमीन दीड एकर होती. खाडीकाठची, खारी. खारी जमीन म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेलं शेत. बांध फुटून खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि मग दोन-तीन पावसाळे धुऊन निघेपर्यंत तिथे काही पिकत नाही. आजोबांनी ती हयातीतच आजीच्या नावावर केली होती. (त्या मुंबईच्या फोनवाल्याला हे माहीत नव्हतं. तो आजोबांचंच नाव घेऊन बसला होता.) कसायला होते त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. दर वर्षी हनुक्काच्या आसपास तात्या मुंबईला भायखळ्याला यायचे, खांद्यावर तांदळाचं पोतं, पिशवीत पोहे आणि सुकी मासळी. मासळी आणताना कुठली चालते कुठली नाही हे त्यांना पाठ होतं. खवले नसलेली कधी आणली नाही. आजी त्यांना जेवायला बसवायची आणि गावची एकेक खबर विचारून घ्यायची.

१९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला तेव्हा खंडाला मर्यादा लागली. कोरडवाहू जमिनीला पिकाचा एक तृतीयांश, बागायतीला एक चतुर्थांश, त्याच्यावर घ्यायचा नाही. त्याने थोडं बरं झालं. पण कायदा येतोय हे कळल्याबरोबर दुसरीच गंमत सुरू झाली. गंमत कसली, दुःखच. मालकांनी कुळांकडून राजीनामे लिहून घ्यायला सुरुवात केली. "मी राजीखुशीने जमीन सोडत आहे," खाली अंगठा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ साली निघाला. त्यात त्यांना असे 'खुशीचे' राजीनामे पुष्कळ दिसले. ही खुशी कसली असते ते आपल्याला समजतं. ज्याच्याकडून श्रावणात भात उसनं घ्यायचं त्याने कागद पुढे केला, तर अंगठा नाही कसा द्यायचा?

मग १९५६ ची दुरुस्ती आली आणि त्यातून १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला. त्याला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार झाला. मालकाने विकली का, सही केली का, हा प्रश्नच राहिला नाही. आपल्या बऱ्याच लोकांचा राग इथेच आहे, की "आम्ही सही केली नव्हती." सहीची गरजच नव्हती.

पण जमीन फुकट गेली असं जे आपण म्हणतो, तेही बरोबर नाही. कलम ३२ ग प्रमाणे मामलेदार कचेरीत चौकशी व्हायची. मालक आणि कूळ दोघांना नोटीस जायची. किंमत ठरायची ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपट या दरम्यान. कूळ ती हप्त्याने भरायचं, आणि सगळी भरली की ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळायचं. आता आकार म्हणजे दीड एकराला वर्षाला पाच-सहा रुपये. त्याची कितीही पट केली तरी बाजारभावाशी त्याचा मेळ नव्हता. तेव्हा मालकाला पैसे मिळाले, पण थोडे मिळाले, असं म्हणणं रास्त आहे. नोटीस मात्र कागदावरच्या गावच्या पत्त्यावर जायची, आणि माणूस असायचा मुंबईला किंवा बीरशेबाला. चौकशी एकतर्फी झाली आणि आपल्याला पत्ताच नाही, असंही अनेकांचं झालं.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती मलाही नवी होती. लहान मालकासाठी कायद्यात दारं ठेवलेली होती. ज्याला स्वतः कसायची होती त्याने ३१ डिसेंबर १९५६ च्या आत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ च्या आत अर्ज करायचा. ज्याची जमीन थोडी आणि वर्षाचं उत्पन्न पंधराशे रुपयांच्या आत, त्यालाही सवलतीचं प्रमाणपत्र मागता येत होतं. विधवा, अज्ञान मूल, अपंग आणि सैन्यात नोकरीला असलेला माणूस यांच्या जमिनीची खरेदी पुढे ढकलली जायची. आपल्यातले किती जण फौजेत होते! पण हे सांगणार कोण? खेड्यातल्या सावकाराला वकील होता, त्याने मुदती सांभाळल्या. चाळीतल्या फिटरला आणि वॉर्डबॉयला कोणी सांगितलं नाही. मोठ्याने कायद्यातून वाट काढली आणि लहान मालक अडकला, असं काही ठिकाणी झालं. हा राग मला पटतो. पण तो कुळावर काढायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

आमची आजी विधवा होती. म्हणून १९५७ ला आमची जमीन गेली नाही. तात्या पूर्वीसारखेच तांदूळ घेऊन येत राहिले. आजी १९६४ साली वारली. कायद्याप्रमाणे वारसाला वर्षभराची मुदत होती, स्वतः कसायची असेल तर मागा. पपा माटुंग्याला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. ते कुठून नांगर धरणार? ते वर्ष सरलं. त्यानंतरच्या वर्षात कुळाने कळवायचं होतं, की मी खरेदी करतो. ही मुदत चुकली म्हणून हक्क गमावलेली कुळंही होती.

तात्या आले ते मला आठवतं. मी सतरा वर्षांची होते. या खेपेला पोतं होतंच, पण ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "दादा, तलाठी म्हणतो अर्ज कर. तुमच्या कानावर घातल्याबिगर कसा करू?"

पपा जे बोलले ते मी लिहीत नाही. घरातला आवाज त्या दिवशी खालच्या मजल्यापर्यंत गेला. आई रडत होती. तात्या काही बोलले नाहीत. पोतं आत ठेवलं आणि निघाले. पपांनी ते पोतं आमच्या घरात कोणाला शिजवू दिलं नाही, शेजाऱ्यांना देऊन टाकलं. १९६७ ला अलिबागला चौकशी झाली, पपा गेले नाहीत. किंमत ठरली तीनशे चाळीस रुपये. पहिल्या हप्त्याची मनीऑर्डर आली, ती पपांनी परत पाठवली. ती पावती ट्रंकेत आहे, तिच्यावर पपांच्या अक्षरात 'नाकारली' असं लिहिलंय.

त्याच वर्षी मी नर्सिंगला लागले. शेवटच्या वर्षी आम्हाला खेड्यातली ड्यूटी असायची, आणि माझी नेमकी कुलाबा जिल्ह्यात लागली. ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस. आम्ही पाड्यापाड्यातून फिरून पोरांची वजनं घ्यायचो, बायकांच्या पापण्या खाली ओढून रक्त बघायचो. पांढऱ्याफटक पापण्या. आवणीच्या कामाने पाय चिखलात कुजलेले, आणि घरात दाणा नाही, कारण जुनं भात संपलेलं आणि नवं कापायला अजून दोन महिने. आमच्या सिस्टर, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या, त्या एका बाईला म्हणाल्या, "रोज पालेभाजी आणि एक अंडं खात जा." त्या बाईने हसून मान हलवली. बाहेर आल्यावर मला कसंतरीच झालं.

तिथून तात्यांचं गाव चार मैल होतं. एका रविवारी मी गेले. पपांना सांगितलं नाही. तात्यांच्या बायकोने, मी तिला काकी म्हणायची, मला पाटावर बसवलं, तांदळाची भाकरी केली आणि मग कणगी दाखवली. कणगीत भात होतं. सप्टेंबरात! फार नव्हतं, गुडघाभर असेल. ती म्हणाली, "मापून द्यायचं नाही ना आता कोणाला. तेवढंच उरलं बघ." शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. त्यांच्या सासऱ्याने कायदा यायच्या आधी राजीनाम्यावर अंगठा दिला होता. त्या घरातली माणसं मजुरीला जायची, आणि त्या घरातल्या पोराचं वजन मी आदल्या आठवड्यात लिहून घेतलं होतं. दोन घरांत एका भिंतीचं अंतर. पाऊस तोच, जात तीच, विहीर तीच. फरक कागदाचा होता.

मी पपांना हे पुढे सांगितलं, इकडे आल्यावर, बऱ्याच वर्षांनी. ते म्हणाले, "असेल. पण माझ्या आईची जमीन होती." त्याला काय उत्तर द्यायचं? तेही खरंच होतं.

आता कोणी म्हणेल, मग कायद्याने कोकणातली गरिबी का गेली नाही? याचं उत्तर लांब आहे, मला जेवढं दिसलं तेवढं सांगते. कायद्याने जमीन दिली ती ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याला. त्याच शेतात राबणारा मजूर, कातकरी, आवणी लावणाऱ्या बायका, यांना काहीच नाही. कागदावर नाव पुरुषाचं, काकीचं नाव कुठेच नव्हतं. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, त्याने जास्तीची जमीन काढून भूमिहीनांना द्यायची होती. पण कोकणातल्या भातशेतीत तुकडे मुळातच लहान, तिथे जास्तीची निघणार किती?

दुसरं म्हणजे बांध. जुन्या काळी खोत आणि मालक, स्वतःच्या खंडासाठी का होईना, कुळांना लावून खाडीचे बांध दुरुस्त करून घ्यायचे. मालकी गेल्यावर त्यांना काय पडलंय? कुळांकडे एवढा पैसा नाही. सरकारने १९४८ सालीच खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला होता, पण खांड पडते एका रात्रीत आणि सरकारी मंजुरी येते पुढच्या उन्हाळ्यात. जमीन नावावर झाली आणि तिच्यात मीठ शिरलं, असे किती तरी शेतकरी.

आणि वाटण्या. तात्यांना तीन मुलगे. दीड एकराचे तीन भाग, म्हणजे वीस-वीस गुंठे. त्यांच्या नातवंडांत काय राहिलं असेल ते तुम्हीच मोजा. साऱ्या महाराष्ट्राचं हेच आहे. १९७०-७१ ला एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या शेतीगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. कोकणात तर एकर नाही, गुंठेच मोजतात. वीस गुंठ्यांच्या भातावर घर चालत नाही, म्हणून पोरं मुंबईला जातात. आपण गेलो तशीच.

इथे एक विचार मनात येतो. वायिक्रा पंचविसाव्या पेरेकमध्ये योवेलचा नियम आहे. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराकडे परत जायची, कारण जमीन कायमची कोणाची नसते. पपा हा पेरेक मला ऐकवायचे, की बघ, जमीन मूळ मालकाकडे गेली पाहिजे. मी म्हणायची, मूळ मालक म्हणजे कागदाचा की नांगराचा? तो वाद आमचा कधी मिटला नाही. आणि आज आपण इस्राएलमध्ये ज्या घरांत राहतो, त्यातल्या कितीकांच्या खालची जमीन मिनहालची आहे, एकोणपन्नास वर्षांच्या करारावर घेतलेली. इथली नव्वद टक्क्यांच्या वर जमीन सरकारची आणि केरेन कायेमेतची आहे. त्याबद्दल आपण कोणी भांडत नाही. सवय झाली.

आता फोनच्या मूळ मुद्द्यावर येते. एवढ्या वर्षांनी हे फोन का यायला लागले?

कुळाला मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. कलम ४३ ची ती अट होती. २०१४ साली कायदा बदलला. ३२ म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या चाळीसपट नजराणा भरून जमीन विकता येऊ लागली. अलिबाग तर आता मुंबईच्या श्रीमंतांच्या बंगल्यांचं गाव झालंय, समुद्रातून तासाभरात पोचतात. त्यामुळे दलाल जुने फेरफार काढून बसतात आणि जुन्या मालकांचे वारस शोधतात. काही वेळा खरेदी करणाऱ्याला भीती असते की जुना वारस भांडायला येईल, म्हणून त्यांना आपली सही हवी असते. काही वेळा आपली सही घेऊन कुळाच्या नातवाला कोर्टात खेचायचं आणि तडजोडीत पैसे काढायचे असतात. दोन्हीत आपल्या हाती काय येतं ते देव जाणे, पण कागदावर नाव आपलं राहतं.

म्हणून असा फोन आला तर आधी गावाचं नाव आणि गट नंबर किंवा सर्व्हे नंबर विचारा. सातबारा आता घरबसल्या इंटरनेटवर दिसतो, नातवंडांना सांगा, ती दहा मिनिटांत काढून देतील. त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. 'इतर अधिकार' असा रकाना असतो, तोही वाचा. कुळाचं नाव मालकाच्या जागी गेलेलं असेल, तर कुठल्या फेरफाराने गेलं तो नंबर तिथे असतो. तो फेरफार आणि ३२ ग चा हुकूम तहसील कचेरीतून मागवता येतो. हुकूम झालेला असेल, पैसे भरून ३२ म चं प्रमाणपत्र झालेलं असेल, तर फोनवर कोणी कितीही गोड बोलला तरी ती जमीन सहीने परत येणार नाही. नाव अजून तुमच्याच घराचं असेल, कूळ कधी लागलंच नसेल, किंवा प्रकरण अर्धवट असेल, तर मात्र स्वतःचा वकील करा. फोनवाल्याने सुचवलेला नको. आणि तोवर कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका. काय लिहिलंय ते न वाचता कन्सेंट फॉर्मवर सही करणारे पेशंट मी शेकडो पाहिलेत, त्यांना मी रागवायची.

आमच्या जमिनीचा सातबारा माझ्या नातीने काढला. नावं तात्यांच्या नातवांची आहेत. तीन मुलगे, दोन मुली. मुलींची नावंही लागलीत हे पाहून काकीची आठवण झाली. फेरफार १९७२ चा आहे. म्हणजे पपांनी मनीऑर्डर परत पाठवल्यावर तात्यांनी पैसे कचेरीत भरले, हप्त्याहप्त्याने, पाच वर्षं. ते पैसे पपांच्या नावावर तिथेच जमा राहिले असणार. आमच्यापैकी कोणी कधी चौकशी केली नाही.

चुलतभावाला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तीनशे चाळीस रुपये?" मग त्याने फोनवाल्याला नकार कळवला. त्यानंतर त्याच माणसाचा मला फोन आला. मी त्याला सर्व्हे नंबर विचारला, तर लाइन कट झाली.

तुमच्या घरी जुने कागद असतील, मोडी लिपीतले, कचेरीच्या शिक्क्याचे, तर ते केरात टाकू नका. मुलांना वाचता येत नाहीत म्हणून फेकले जातात. मोडी वाचणारी दोन-तीन माणसं आपल्यात अजून आहेत. माझ्या ट्रंकेतली एक कबुलायत त्यांच्याकडे दिली आहे. आजोबांच्या वडिलांच्या वेळची आहे, आणि त्यात कूळ म्हणून अंगठा आपल्याच माणसाचा आहे असं दिसतंय. वाचून झाली की कळवीन.